पिल्ले बल्बखाली थांबत नाहीत, आईला बिलगतात

प्रश्न: आमच्याकडे डुकराच्या दोन माद्या आहेत. पहिली नऊ दिवसांपूर्वी व्याली, अकरा पिल्ले झाली. कप्प्याच्या कोपऱ्यात पेंढा अंथरून २५० वॅटचा लाल बल्ब त्याच्याच वायरीने खाली सोडला, जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर. पण पिल्ले त्याखाली थांबतच नव्हती, आईच्या पोटाशी जाऊन झोपायची. पहिल्या दोन रात्रींत तीन पिल्ले तिच्या अंगाखाली चेंगरून गेली. परवा रात्री जळका वास आला म्हणून पाहिले, तर प्लॅस्टिकचा होल्डर वितळून वाकला होता आणि खालचा पेंढा तांबूस झाला होता. तेव्हापासून बल्ब बंद आहे. दुसरी मादी दोन आठवड्यांनी विणार आहे. बल्ब किती वॅटचा घ्यावा, किती उंच लावावा, किती दिवस ठेवावा? लाल चांगला की पांढरा? की बल्ब सोडून विजेची गरम गादीच घ्यावी?

उत्तर: तांबूस झालेला पेंढा म्हणजे आग लागायला थोडाच वेळ उरला होता. म्हणून आधी आज रात्रीचे पाहू, दुसऱ्या मादीची तयारी नंतर.

तो होल्डर आणि ती वायर पुन्हा वापरू नका. जळलेला तुकडा कापून उरलेल्या वायरीला नवा होल्डर जोडावा असे वाटेल; पण उष्णता खाऊन कडक झालेले वेष्टण जरा वाकवले की तडकते आणि आतली तार उघडी पडते. मेन स्विच बंद करून बोर्डातले सॉकेटही उघडून पाहा. पिनांभोवती काळे किंवा पिवळट पडले असेल तर तेही बदला. नवे सामान येईपर्यंत उरलेल्या आठ पिल्लांना एक झाकणाचे खोके करून द्या. नऊ दिवसांच्या पिल्लांना साधारण ३० ते ३२ अंशांची जागा लागते, आणि आठ पिल्ले एकत्र निजली तर त्यातली बरीचशी ऊब ती स्वतःच तयार करतात. ती निसटू द्यायची नाही एवढेच आपले काम. खोक्यात वीतभर कोरडा पेंढा, वर झाकण, दाराला गोणपाटाच्या पट्ट्यांचा पडदा. गरम पाण्याच्या दोन-तीन बाटल्या घट्ट बूच लावून, पोत्यात गुंडाळून आत ठेवा आणि तीन-चार तासांनी बदला. कोळशाची शेगडी मात्र आत नेऊ नका. बंद जागेत कोळशाचा वायू साचतो, त्याला वास नसतो, आणि तो पिल्लांना, मादीला व राखण करणाऱ्या माणसालाही मारू शकतो.

आता मूळ अडचण. पिल्ले बल्बखाली का थांबली नाहीत? तुम्हाला वाटले असेल की त्यांना आईच हवी होती. खरे तर तुमचा बल्ब त्यांना भाजत होता. २५० वॅटचा बल्ब फूटभर उंचीवरून सोडला की त्याच्या अगदी खाली ताटाएवढी जागा असह्य तापते आणि दोन वितींवर जमीन थंडच राहते. बल्ब खाली आणला की उष्णता जास्त मिळेल हा समज जवळपास सगळ्यांचा असतो. प्रत्यक्षात उष्णतेचे वर्तुळ लहान होते आणि मध्यभागी तीव्र होते. अकरा पिल्लांना एका वेळी आडवे होता येईल एवढी ऊबदार जागा तिथे नव्हतीच. मग उरते आईचे पोट. तिथे ऊब आहे, मऊ आहे, दूध आहे. आणि तिथेच ती उठता-बसताना पिल्ले चेंगरतात. चेंगरण्याचे बहुतेक मृत्यू पहिल्या तीन दिवसांत होतात ते यामुळेच: तेव्हा पिल्लू सर्वांत थंड, सर्वांत सुस्त आणि आईच्या सर्वांत जवळ असते. म्हणजे बल्बला दोन कामे आहेत. पिल्लाला ऊब देणे, आणि आईच्या पोटापेक्षा बरी वाटेल अशी जागा तिच्यापासून थोडी दूर तयार करणे. दुसरे काम साधले नाही तर पहिल्याचा निम्मा फायदा वाया जातो.

यातली खरी कसरत अशी की एकाच कप्प्यात दोन हवामाने सांभाळायची असतात. पिल्लू गर्भातल्या ३९ अंशांतून ओलेचिंब बाहेर येते. वजन सव्वा-दीड किलो, अंगावर विरळ केस, चरबी जेमतेम शेकडा एक-दोन भाग. पहिल्या अर्ध्या तासातच त्याच्या अंगाचे तापमान दोन अंशांहून जास्त उतरते. भोवती ३४ अंशांपेक्षा कमी असेल, तर अंगात साठवलेली थोडीशी साखर ते दूध ओढण्याऐवजी ऊब टिकवण्यात खर्च करू लागते. आईला मात्र १८ ते २२ अंश बरे वाटतात. २५ च्या वर गेले की ती धापा टाकते, खाणे कमी करते आणि दूध आटते. म्हणून सगळी शेड तापवण्याच्या फंदात पडू नका. शेड आईला मानवेल अशी ठेवायची आणि पिल्लांचा कोपरा तेवढा वेगळा तापवायचा.

कोपऱ्याची जागा आईच्या बाजूला, कासेच्या रांगेत धरा. तिच्या तोंडाकडे नको: तिथे उष्णता तिच्या डोक्यावर पडते आणि वायर तोंडाच्या टप्प्यात येते. बल्बच्या प्रकाशाचे वर्तुळ तिच्या अंगापासून किमान वीतभर लांब राहिले पाहिजे. कासेवर सतत उष्णता पडली तर ती अस्वस्थ होऊन वारंवार कूस बदलते, आणि प्रत्येक कूस पिल्लांना धोक्याची. आई आणि कोपरा यांच्यामध्ये मजबूत आडव्या पाइपाचा अडसर हवा. खालची फट पिल्लू सहज जाईल एवढी, साधारण २५ ते ३० सेंटिमीटर, ठेवा.

दहा-बारा पिल्लांसाठी चार फूट लांब व दोन फूट रुंद जागा पहिल्या दोन-तीन आठवड्यांना पुरते; चौथ्या आठवड्यात ती तोकडी पडते, तेव्हा फळी सरकवून वाढवता येईल अशी रचना ठेवा. तीन बाजू फळ्यांनी बंद करा आणि अर्ध्या भागावर झाकण टाका. बल्ब उघड्या अर्ध्या भागावर लावायचा, झाकणाखाली नाही. त्यामुळे लाकूड बल्बजवळ येत नाही, ऊब मात्र झाकणाखाली सरकून टिकते. गारठा फार नसेल तर शेडमध्ये झाकणानेच बल्बइतके काम होते, आणि त्याला वीज लागत नाही.

वाऱ्याची झुळूक हा न दिसणारा चोर आहे. अशा बल्बमधून निघणारी इन्फ्रारेड, म्हणजे उष्णतेची, किरणे हवा फारशी तापवत नाहीत. ज्यावर पडतात ते तापवतात, म्हणजे पिल्लाची पाठ आणि जमीन. वर ३४ अंश असले तरी दाराखालून आलेली बारीक झुळूक ओल्या पिल्लाच्या पोटाखालून ऊब ओढून नेते. शिवणकामाचा दोरा हातभर घेऊन पिल्लाच्या उंचीवर टांगा. तो हलत असेल तर आधी फट बुजवा, मग बल्बचा विचार करा. माणसाच्या उंचीवर खिडकी उघडी असायला हरकत नाही, ती हवीच. ओल आणि मुताचा उग्र वास बाहेर जायलाच पाहिजे.

वॅट आणि उंची

दोन माद्यांच्या शेडमध्ये, बाजू बंद आणि अर्धे झाकण असेल, तर १७५ वॅटचा बल्ब घ्या. २५० वॅट उघड्या, फार थंड शेडसाठी. अगदी बंदिस्त खोक्यात दुसऱ्या आठवड्यापासून १०० वॅटही पुरतो. २५० वॅटचा बल्ब पिल्लाच्या पाठीपासून ६० ते ७५ सेंटिमीटरवर, १७५ वॅटचा ४५ ते ६० सेंटिमीटरवर, हा सुरुवातीचा अंदाज. उंची जमिनीपासून मोजू नका. पेंढ्याचा वरचा थर आणि त्यावर उभे पिल्लू, तिथून मोजा. पिल्ले पेंढा उकरून ढीग करतात, आणि सकाळी ६० सेंटिमीटर असलेले अंतर संध्याकाळी ४० झालेले असते. म्हणून बल्बखाली खोल, मोकळा पेंढा नको. जाड रबरी चटई, वर दोन-तीन बोटे लाकडाचा जाडसर भुसा किंवा बारीक कापलेला पेंढा पुरे. पिठासारखा बारीक भुसा टाळा. तो उडून बल्बवर बसतो आणि जळतो.

हा अंदाज पक्का करायला तापमापक लागतो. तो भिंतीवर लावला तर काहीच कळत नाही. रिकाम्या कोपऱ्यात, जमिनीपासून आठ-दहा सेंटिमीटरवर, बल्बच्या बरोबर खाली अर्धा तास ठेवा. मग वर्तुळाच्या कडेला आणि शेवटी झाकणाखाली. जन्माच्या दिवशी झोपायच्या जागेत ३३ ते ३५ अंश हवेत. पहिला आठवडा संपताना ३२, दुसरा संपताना ३०, तिसऱ्याअखेर २८, चौथ्याअखेर २६. मधोमध दोन अंश जास्त आणि कडेला दोन अंश कमी असले तर ते चांगलेच, कारण पिल्लाला निवड करता येते. हवे तसे नसेल तर साखळीची एक-दोन कडी वर-खाली करा, पुन्हा अर्धा तास थांबा, पुन्हा मोजा. नुसत्या तळहाताने अजमावलेली ऊब फसवते, कारण आपला हात ३४ अंशांनाही कोमटच म्हणतो.

पिल्ले आली की मात्र तापमापकापेक्षा त्यांच्या झोपण्यावर जास्त विश्वास ठेवा. दूध पिऊन सगळी झोपेपर्यंत थांबा, आवाज न करता पाहा. एकमेकांना लागून, कुशीवर, पाय लांब करून, ऊबदार जागेत पसरून निजली असतील तर बल्ब बरोबर आहे. एकावर एक ढीग, पाय पोटाखाली घेतलेले, केस उभे, अंग थरथरते: थंडी आहे. मधली जागा रिकामी आणि कडेने बांगडीसारखे वर्तुळ: बल्ब खाली आला आहे. सगळी बल्बपासून पळून थंड किंवा ओल्या जागेत पडली, धापा टाकत असली, कातडी लालसर दिसत असली: फार तापले, लगेच वर घ्या. सगळी एकाच बाजूला कलून झोपत असतील तर दुसऱ्या बाजूने झुळूक येते आहे. ही पाहणी दुपारी करून उपयोग नाही. पहाटे सूर्योदयाच्या जरा आधी हा रात्रीचा सर्वांत थंड वेळ, आणि पहिले तीन दिवस एकदा तरी त्या वेळी डोकावलेच पाहिजे.

अजून एक गोष्ट लक्षात येत नाही ती व्होल्टेजची. २३० ऐवजी १९० व्होल्ट येत असतील तर २५० वॅटचा बल्ब साधारण १८५ वॅटइतकेच काम करतो. दिवा पेटलेला दिसतो, ऊब मात्र चौथ्या हिश्श्याने कमी. उलट मध्यरात्रीनंतर व्होल्टेज चढत असेल तर बल्ब जास्त तापतो आणि लवकर उडतो. संध्याकाळी लावलेली उंची पहाटे का चुकते, याचे उत्तर कधी कधी इथे असते.

टांगणे आणि वायर

इथे काटकसर करू नका. गोठ्यातल्या आगी दिव्यातून क्वचित लागतात, दिवा पडल्याने किंवा सैल जोड तापल्याने जास्त लागतात.

होल्डर चिनी मातीचाच हवा. प्लॅस्टिक आणि बॅकेलाइट साध्या बल्बसाठी ठीक, पण इन्फ्रारेड बल्बच्या मानेपाशी उष्णता फार असते आणि ती वरच चढते. होल्डरपासून निघणारी पहिली हात-दीड हात वायरही सिलिकॉन किंवा काचतंतूच्या वेष्टणाची, उष्णता सोसणारी हवी. साधे पीव्हीसी वेष्टण ७० अंशांच्या पुढे टिकत नाही. बल्बला धातूची टोपी, टोपीला वरून भोके (गरम हवा होल्डरपाशी कोंडू नये म्हणून) आणि समोर तारेची जाळी. जाळी असली तर दिवा पडलाच तर तापलेली काच थेट पेंढ्यावर टेकत नाही. तिच्यामुळे थोडा वेळ मिळतो इतकेच. जाळी आहे म्हणून दिवा सैल टांगू नका.

वायरीने बल्ब कधीही टांगू नका. तुमचा दिवा फूटभरावर होता आणि वजन वायरीवर होते, म्हणजे होल्डरातले स्क्रू रोज थोडे थोडे सैल होत होते. सैल जोड तापतो, तापला की आणखी सैल होतो. धातूची साखळी घ्या, ती छताच्या वाशाला किंवा लोखंडी पाइपाला बांधा, खिळ्याला नाही. उघडा आकडा नको, कारण मादीने धक्का दिला की तो उसळून सुटतो. बंद होणारा, चापाचा आकडा वापरा. आणि दुसरी, सुटी साखळी वेगळ्या ठिकाणी बांधा, पहिलीपेक्षा जराशी ढिली, म्हणजे पहिली तुटली तरी दिवा पेंढ्यापर्यंत पोहोचणार नाही. चिमट्याचे दिवे, सुतळी, नायलॉनची दोरी यांना इथे जागा नाही. नायलॉन वितळते, सुतळी जळते.

वायर साखळीलगत, तिच्यावर ताण न येता, सैल सोडा आणि वर नेताना एक झोळ द्या, म्हणजे वरून ओघळलेले पाणी होल्डरात न जाता झोळातून खाली ठिबकेल. मादी पुढचे पाय भिंतीला टेकून उभी राहिली तरी वायर तिच्या तोंडाला लागता कामा नये. पिल्लांच्या उंचीवर तर वायर नकोच. तिसऱ्या आठवड्यात ती दिसेल ते चावतात.

एक २५० वॅटचा बल्ब सुमारे १.१ अँपिअर घेतो. हे ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून लोक घरातली एक्स्टेन्शन दोरी ओढतात आणि तिच्यावर चार दिवे लावतात. पण हा भार चोवीस तास, आठवडेच्या आठवडे चालतो, आणि शेडमधला अमोनिया तांब्याच्या जोडांना गंज चढवतो. एक्स्टेन्शन नको. शेडसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटरची तीन तारांची तांब्याची वायर, तिच्यावर १६ अँपिअरचा एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच), आणि सलग चालणारा भार १२-१३ अँपिअरच्या आत. धातूच्या टोपीला अर्थिंग जोडलेच पाहिजे. त्याशिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज जमिनीत गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) बसवा. ओली जमीन, ओले पाय, धातूचे पाइप, आणि डुकराला विजेचा धक्का माणसापेक्षा लवकर लागतो. हे काम वायरमनकडून करून घ्या, आणि काम झाल्यावर आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण त्याच्या समोर दाबून पाहा. पुढे महिन्यातून एकदा तुम्ही स्वतः दाबा. मुख्य स्विच शेडच्या बाहेर, दारापाशी, आणि कोरड्या पावडरचा अग्निशामकही तिथेच. आग दिसली तर आधी स्विच, मग पावडर. वीज चालू असताना पाणी फेकू नका.

रोज एकदा प्लगच्या बाहेरच्या कवचाला हात लावून पाहा. जरा कोमट चालेल, हाताला चटका बसत असेल तर त्याच दिवशी जोड उघडून तपासा. आठवड्यातून एकदा दिवा बंद करून, पूर्ण गार होऊ देऊन, टोपीतली धूळ आणि जाळी कोरड्या फडक्याने पुसा. तापलेल्या बल्बला ओले फडके लावले तर काच तडकते. याच कारणाने बल्ब कडक, दाबून घडवलेल्या काचेचा घ्या. पातळ फुंकीव काचेच्या बल्बवर पाण्याचे चार शिंतोडे पडले तरी तो फुटतो आणि तुकडे पिल्लांवर येतात. आणि त्याच शेडमध्ये कोंबड्या असतील तर टेफ्लॉनचा थर दिलेले 'न फुटणारे' बल्ब आणू नका. तापल्यावर त्यातून निघणाऱ्या वाफेने पक्षी मरतात.

लाल की पांढरा, बल्ब की गादी

उष्णतेच्या दृष्टीने लाल आणि पांढऱ्यात फारसा फरक नाही. लाल काच फक्त उजेड कमी करते. मादी लाल प्रकाशात शांत राहते आणि रात्री कप्पा झगमगत नाही, म्हणून सतत लावण्यासाठी लाल बरा. विताना मात्र पांढरा सोयीचा: पिल्लाचा रंग, नाळ, रक्त, हगवण हे सारे लाल उजेडात नीट दिसत नाही.

गादीचे गणित विजेत आहे. २५० वॅटचा बल्ब दिवसाला ६ युनिट घेतो, तीन आठवड्यांत १२६. १७५ वॅटचा ४.२ युनिट, तीन आठवड्यांत सुमारे ८८. साधारण ८० वॅटची गादी दिवसाला दोन युनिटांच्या आतच राहते. आगीचा धोकाही तिच्यात खूप कमी. पण नुकत्याच जन्मलेल्या ओल्या पिल्लाला गादी पाठीकडून वाळवू शकत नाही, आणि अजून नीट चालता न येणाऱ्या पिल्लाला तिच्या जागेची खूणही दिसत नाही. बल्बचा उजेड त्याला ओढून घेतो. म्हणून पहिले तीन दिवस बल्ब, पुढे गादी, ही जोडी आम्ही सुचवू. गादी घेतली तर तिची वायर धातूच्या नळीतून न्या, तिच्यावर जाड पेंढा घालू नका (ऊब खालीच कोंडते, गादी जास्त तापते), आणि पृष्ठभाग बल्बसारखाच तापमापकाने तपासा. दोन्ही घेणे जमत नसेल तर चांगला टांगलेला बल्ब एकटा पुरे आहे.

साधे घरगुती दिव्याचे डिमर (उजेड कमी-जास्त करायची बटणे) या बल्बला लावू नका. ते एवढ्या भाराला बनलेले नसतात आणि स्वतःच तापतात. थर्मोस्टॅट (तापमानानुसार दिवा आपोआप चालू-बंद करणारे यंत्र) लावायचा असेल तर तो बल्बच्या वॅटला पुरेल असा, आणि त्याचा सेन्सर पिल्लाच्या उंचीवर पण बल्बच्या थेट झोतात नाही, तारेच्या जाळीत झाकून.

विण्याचा दिवस

मादीचा गाभणकाळ साधारण ११४ दिवसांचा असतो. तुमच्या नोंदीतून तारीख काढा आणि कोपऱ्यातला बल्ब त्याच्या चोवीस तास आधी सुरू करा. सिमेंटची जमीन तासाभरात तापत नाही. विण सुरू झाली की एक जास्तीचा बल्ब मादीच्या मागे, पिल्ले जिथे पडतात तिथे टांगा, तिच्या अंगापासून लांब. शेवटचे पिल्लू वाळले आणि वार पडली की तो काढून घ्या. तो राहिला तर पिल्ले आईच्या मागेच झोपायला शिकतात.

प्रत्येक पिल्लू कोरड्या, स्वच्छ कापडाने पुसा. वाळलेल्या पिल्लाला बल्बची ऊब लागते, ओल्याची निम्मी ऊब पाणी वाळवण्यातच जाते. मग आधी चीक, नंतर बल्ब. हा क्रम उलटू नका. पहिल्या दिवसात एका पिल्लाच्या पोटात २०० ते २५० ग्रॅम चीक जायला हवा, आणि बल्बखाली उबदार झोपलेले उपाशी पिल्लू ही फसवी शांतता असते. पोट खपाटीला गेले आहे का ते हाताने चाचपा.

मलूल पिल्लाच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड थंड लागले तर त्याला थेट बल्बखाली टाकू नका. तिथून हलायचे त्राण त्याच्यात नसते आणि कातडी भाजते. ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात, मान वर धरून, दहा-पंधरा मिनिटे ठेवा, पुसून कोरडे करा, अंगात हालचाल आली की १५-२० मिलिलिटर कोमट चीक थोडा थोडा पाजा. गार पडलेल्या आणि गिळू न शकणाऱ्या पिल्लाच्या तोंडात दूध ओतले तर ते श्वासनलिकेत जाते.

पहिले तीन दिवस मादीला खाणे घालताना सगळी पिल्ले उचलून कोपऱ्यात ठेवा आणि फळीने वाट अडवा, अर्धा ते पाऊण तास. ती खाऊन पुन्हा आडवी झाली की फळी काढा. दिवसातून दोनदा. तासापेक्षा जास्त कोंडू नका, कारण पिल्ले साधारण तासा-तासाने पितात. तिसऱ्या दिवसापर्यंत बहुतेक पिल्ले पिऊन झाल्यावर आपणहून कोपऱ्यात जाऊ लागतात. नाही गेली तर बल्बची उंची, झुळूक आणि ओली चटई, याच क्रमाने पाहा.

किती दिवस

साधारण चार आठवडे, पण एकदम बंद नाही. दर आठवड्याला दोन अंश उतरतील एवढा बल्ब वर घेत जा. तिसऱ्या आठवड्यात शेड दुपारी २८ अंशांवर जात असेल तर दुपारी बंद, रात्री चालू. चौथ्यात फक्त रात्री. दूध तोडण्याचा दिवस मात्र वेगळा धरा. त्या दिवशी आईही जाते, दूधही जाते, आणि पिल्ले दोन-तीन दिवस नीट खात नाहीत, म्हणजे अंगातली ऊब कमी होते. नव्या जागेत पुन्हा २८ अंशांचा कोपरा आधीच तापवून ठेवा, आठवडाभर चालवा आणि पिल्ले पसरून झोपू लागली की बंद करा. दूध तोडणे आणि बल्ब काढणे एकाच दिवशी केले की हगवण लागण्याची शक्यता वाढते.

तुमच्या हातात चौदा दिवस आहेत. पहिल्या आठवड्यात वायरमनचे काम, होल्डर, दोन साखळ्या आणि कोपऱ्याच्या फळ्या. नवा दिवा आधी सध्याच्या आठ पिल्लांवर लावा. १७५ वॅटचा असेल तर ६० सेंटिमीटरपासून सुरुवात करा आणि मधोमध ३० अंश येईपर्यंत जुळवा. त्यात टांगण्याची सवयही होईल आणि साखळीची किती कडी म्हणजे किती अंश हे तुमच्याच शेडमध्ये मोजून लिहून ठेवता येईल. विण्याच्या तीन दिवस आधी दुसऱ्या कप्प्यातला दिवा एक रात्र पूर्ण चालवून पाहा, सकाळी होल्डर आणि पिन तपासा. आणि दोन बल्ब जादा आणून ठेवा. या बल्बचे आयुष्य साधारण ५,००० तास, म्हणजे सलग सात महिन्यांच्या आत-बाहेर धरतात, पण धक्के आणि व्होल्टेजच्या चढउताराने ते खूप आधीही जातात. सुटे बल्ब शेडमध्ये ठेवू नका, घरात कोरड्या जागी ठेवा, आणि प्रत्येकाच्या खोक्यावर तो लावल्याची तारीख लिहा.